‘थांब’ म्हटल्यावर ऐकणार कोण?

सकाळी 6:20

महाळुंग्याच्या कारखान्यातून मेंटेनन्स इनचार्जचा मेसेज आला आहे : "मॅडम, कालच्या शटडाऊननंतर परत काउंट जुळत नाही. दोन नंबर आणि पाच नंबर स्टेशन. बाकी ओके."

काल गुरुवार होता. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा वार. फीडर बंद झाला, लाइन थांबली, स्टेशनांवरचे छोटे औद्योगिक संगणक यूपीएसवर काही वेळ चालले आणि बॅटरी खाली येऊ लागताच त्यांना बंद होण्याचा आदेश गेला. सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त दोन स्टेशनांवर, अर्धवट भरलेल्या क्रेटमध्ये किती नग गेले होते याची नोंदच उरली नाही.

हा कारखाना दुचाकीच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवतो. आमची भोसरीची छोटी कंपनी त्याच्या लाइनवरचं नोंदणीचं सॉफ्टवेअर सांभाळते. क्रेट भरला की त्यातल्या प्रत्येक नगाची नोंद डिस्कवर लिहिली जाते, तोवर ती मेमरीत असते. या संगणकांत फ्लॅश कार्ड आहेत आणि प्रत्येक नगाला लिहीत बसलं तर कार्ड लवकर झिजतं, म्हणून ही पद्धत ठरली. ती मला आजही पटते. पण ती एका अटीवर उभी आहे : थांबताना हातात जे असेल ते लिहूनच थांबायचं.

आकडा जुळला नाही की पहिलं बोट ऑपरेटरकडे जातं. कंत्राटी पोरगा असेल तर जास्तच. म्हणून हा मेसेज मला "सवडीने बघू" म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

सकाळी 7:10

निगडी प्राधिकरणातून निघून तळवड्याला पोचले आणि कॅनबे चौकाच्या अलीकडे अडकले. कंटेनर, कंपनीच्या बसेस, दुचाकींचा लोंढा. इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

चालू प्रोग्रामला बाहेरून निरोप द्यायची युनिक्समधली जुनी सोय म्हणजे सिग्नल. प्रत्येकाला एक नंबर असतो. कीबोर्डवरून कंट्रोल-सी दाबलं की 2 नंबरचा सिगइंट जातो. मेमरीत नको तिथे हात घातला तर 11 नंबरचा सिगसेगव्ही येतो. संगणक बंद होताना प्रत्येक सेवेला आधी 15 नंबरचा सिगटर्म मिळतो, म्हणजे "आवरा आणि थांबा". नेमून दिलेल्या वेळेत कोणी थांबलं नाही तर 9 नंबरचा सिगकिल येतो. तो अडवता येत नाही, पकडता येत नाही, त्याच्याशी वाटाघाटीही होत नाहीत.

एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, असलेल्या प्रोग्रामला हे सोपं होतं, कारण निरोप घेणारा एकच होता. आमच्या प्रोग्राममध्ये मात्र एक थ्रेड यंत्राच्या पीएलसी या नियंत्रकाशी बोलतो, एक कॅमेऱ्याकडून निकाल घेतो, एक डिस्कवर लिहितो, एक सुपरवायझरच्या स्क्रीनला आकडे पुरवतो. सिगटर्म येतो तो संपूर्ण प्रोसेसच्या, म्हणजे अख्ख्या चालू प्रोग्रामच्या नावाने. तो नेमका कोणी घ्यायचा?

थ्रेडसाठीचं पोझिक्स मानक 1995 मध्ये आलं. त्याचं उत्तर असं आहे : सिग्नल आल्यावर काय करायचं हे साऱ्या प्रोसेससाठी एकच ठरतं, पण सिग्नल अडवायचा की येऊ द्यायचा याचा मास्क प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा असतो. प्रोसेसच्या नावाने आलेला सिग्नल, ज्यांनी तो अडवलेला नाही अशांपैकी कोणत्यातरी एका थ्रेडला मिळतो. कोणत्या, ते मानक सांगत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते आधीच ठरवून ठेवायचं असतं.

आमच्याकडे ते ठरवलेलं आहे. प्रोग्राम सुरू होताच पहिल्या काही ओळींत 1 नंबरचा सिगहप, सिगइंट आणि सिगटर्म अडवले जातात. नवा थ्रेड जन्माला येताना जन्मदात्याचा मास्क घेऊन येतो, त्यामुळे पुढचे सगळे थ्रेड हे तिन्ही सिग्नल अडवूनच जन्मतात. मग एक थ्रेड फक्त सिगवेट करत बसतो, म्हणजे याच तिघांची वाट पाहतो. बाकीच्यांनी आपापली कामं करावीत, निरोप हा घेईल आणि सगळ्यांना शिस्तीत थांबवेल. पद्धत जुनी आहे, पारखलेली आहे. मग दोन आणि पाचवर असं का?

सकाळी 8:25

गेट. लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरमध्ये, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, सेफ्टी शूज, जॅकेट. सिक्युरिटीचे काका आता ओळखतात, तरी पेनड्राइव्ह आहे का हे विचारतातच. विचारायलाच हवं.

सकाळी 8:45

दोन नंबरचा ऑपरेटर मला बघून जवळ येतो. "मॅडम, क्रेटमध्ये मी स्वतः नग लावलेत. स्टिकर पण लागलेत सगळ्यांना. सिस्टिम म्हणते झालेच नाहीत."

"दादा, तुमचं बरोबर आहे. नग झालेत. नोंद आमच्याकडून गेली आहे."

हे मी इनचार्ज सरांच्या समोरच मुद्दाम मोठ्याने सांगते. ते मान डोलावतात, पण त्यांची अडचण वेगळी आहे. नगावर क्यूआर स्टिकर आहे आणि त्या नंबरची नोंद नाही, असा भाग पुढे गाडी कंपनीला पाठवता येत नाही. सगळा क्रेट होल्डवर लाल पट्टीत ठेवायचा आणि एकेक नग पुन्हा तपासायचा. म्हणजे दोन माणसांची अर्धी पाळी गेली.

सर विचारतात, "बंद करताना नीट बंद होत नाही, एवढंच ना? मग मशीनसारखं का नाही होत?"

प्रश्न अचूक आहे. विद्युत यंत्रांच्या सुरक्षिततेचं आयईसी 60204-1 हे मानक त्यांना पाठ आहे. श्रेणी 0 म्हणजे तिथल्या तिथे वीज तोडणं. श्रेणी 1 म्हणजे आधी हालचाल नियंत्रणात आणून थांबवणं आणि मग वीज तोडणं. मी सांगते, सिगकिल म्हणजे तुमची श्रेणी 0, सिगटर्म म्हणजे श्रेणी 1. दोन आणि पाचवर आपण श्रेणी 1 चं बटण दाबतोय आणि मशीन श्रेणी 0 मध्ये थांबतंय.

"वायरिंग चुकलंय," ते लगेच म्हणतात.

तसंच असणार.

सकाळी 9:30

चहाची सुट्टी. लाइन थांबली आहे. सरांच्या परवानगीने तीन नंबरवरची सेवा हाताने थांबवते आणि तिची स्थिती विचारते. उत्तर येतं : प्रोसेस स्वतःहून बाहेर पडली, निकाल शून्य, म्हणजे यशस्वी. अर्धवट क्रेटची नोंद डिस्कवर आहे.

तेच दोन नंबरवर करते. सेवा निमूट थांबते. लाल अक्षर नाही, इशारा नाही. पण स्थितीच्या ओळीत लिहिलंय : किल्ड, सिग्नल टर्म. म्हणजे प्रोसेस स्वतः थांबली नाही, सिगटर्मने मारली गेली. अर्धवट क्रेट गायब.

इतके दिवस हे कोणाच्या नजरेत न येण्याचं कारण इथेच आहे. लिनक्सवर सेवा सांभाळणारा सिस्टमडी सिगटर्मने आलेला मृत्यू सभ्य मृत्यूच समजतो. अनेक साध्या प्रोग्रामना सिगटर्म हाताळायचं काही कारण नसतं, ते त्याने मरतात आणि काही बिघडत नाही. त्यामुळे सेवा अयशस्वी म्हणून नोंदली जात नाही आणि सुपरवायझरच्या स्क्रीनवर हिरवा दिवा तसाच राहतो. आमच्यासारख्या प्रोग्रामसाठी मात्र त्या एका शब्दात सगळा फरक आहे.

सकाळी 9:55

सुट्टी संपली, लाइन सुरू. आता चालू प्रोग्रामला हात न लावता फक्त बघायचं.

लिनक्सचा प्रोक नावाचा फोल्डर आहे. त्यात प्रत्येक प्रोसेसचा आणि तिच्यातल्या प्रत्येक थ्रेडचा ताजा हिशेब साध्या मजकुरात वाचता येतो. त्यात सिगब्लॉक अशा अर्थाची एक ओळ असते. त्या थ्रेडने कोणते सिग्नल अडवले आहेत, ते सोळा अंकी षोडशमान आकड्यात तिथे दिसतं. सिगहप पहिला, त्याची किंमत 1. सिगइंट दुसरा, त्याची किंमत 2. सिगटर्म पंधरावा, त्याची 4000. तिन्ही अडवले असतील तर शेवटी 4003 दिसायला हवं.

तीन नंबरच्या संगणकावर सगळ्या थ्रेडच्या या ओळी एकाखाली एक काढल्या. 4003, 4003, 4003, मग एक शून्य, मग पुन्हा 4003.

ते शून्य पाहून दचकायचं नाही. तो आमचा वाट पाहणारा थ्रेडच आहे. सिगवेटमध्ये बसलेल्या थ्रेडसाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्या सिग्नलची तो वाट पाहतोय ते तेवढ्यापुरते मास्कमधून काढून ठेवतो, म्हणजे सिग्नल आला की त्याला जागं करता येतं. वाट पाहणं संपलं की मास्क पूर्ववत. पुस्तकात "सिग्नल अडवा आणि मग सिगवेट करा" असं वाचलेला माणूस इथे हमखास चक्रावतो.

आता दोन नंबर. 4003, मग शून्य, मग 4003, 4003, पुन्हा शून्य, मग 4003.

दोन शून्यं. एक आमचा, दुसरा कोणाचा?

प्रत्येक थ्रेडचं नावही त्याच फोल्डरमध्ये असतं. आमच्या थ्रेडना आम्ही नावं दिलेली आहेत. या दुसऱ्याला वेगळं नाव नाही, प्रोग्रामचंच नाव लावून बसलाय. त्याचा नंबर मुख्य थ्रेडच्या लगेच पुढचा आहे. म्हणजे आमच्या सगळ्या थ्रेडच्या आधी जन्मलेला.

पाच नंबरवर पाहिलं. तिथेही तेच. आणि लाइनवर कॅमेरा फक्त दोन आणि पाचवरच आहे.

सकाळी 10:40

पॅकिंगच्या कोपऱ्यात एका उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून कॅमेऱ्याची लायब्ररी तपासते. ती बाहेरच्या पुरवठादाराची आहे, मूळ कोड मिळत नाही, पण डीबगरमधून त्या थ्रेडचा स्टॅक दिसतो आणि तेवढं पुरतं. लायब्ररी मेमरीत चढताना, आमच्या मुख्य फंक्शनची पहिली ओळ चालायच्याही आधी, स्वतःचा एक थ्रेड सुरू करते. कॅमेरा जिवंत आहे ना हे ठरावीक वेळाने विचारणं एवढंच त्याचं काम. आम्ही सिग्नल अडवेपर्यंत तो जन्मून मोकळा झालेला असतो. त्याच्या मास्कमध्ये काहीच नाही.

सिगटर्म आला की कर्नल आधी मुख्य थ्रेडकडे बघतो. त्याने अडवलेला आहे. मग पुढचा. पुढचा नेमका हाच, दार सताड उघडं ठेवून बसलेला. आणि सिगटर्मसाठी आम्ही हँडलर, म्हणजे सिग्नल आला की चालणारं फंक्शन, ठेवलेलाच नाही, कारण तो सिगवेटने घ्यायचा ठरलंय. हँडलर नसला की सिगटर्मचा मूळ अर्थ लागू होतो : प्रोसेस संपवा. थ्रेड नव्हे, संपूर्ण प्रोसेस. डिस्कवर लिहिणारा थ्रेड हातात अर्धा क्रेट धरून जागच्या जागी जातो.

आमच्या भोसरीच्या टेस्ट बेंचवर कॅमेरा नाही, कॅमेऱ्याऐवजी ठेवलेल्या चित्रांच्या फाइली आहेत. तिथे ही लायब्ररीच चढत नाही. त्यामुळे तिथे हे कधी दिसलं नसतं, आयुष्यभर चाचण्या घेतल्या असत्या तरी.

लायब्ररी लिहिणाऱ्यांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये न विचारता थ्रेड सुरू करायचा असेल, तर त्याने आधी सगळे सिग्नल अडवावेत, थ्रेड सुरू करावा आणि मास्क पूर्ववत करावा. तीन ओळींचं काम आहे. ते न करणं म्हणजे पाहुण्याने घराचं दार उघडं टाकून झोपणं. पुरवठादाराला ईमेल पाठवलं आहे, पण आजचा क्रेट त्यांच्या उत्तरावर थांबणार नाही.

दुपारी 12:45

कॅंटीन. बटाट्याची भाजी, पोळ्या, ताक. सर समोर बसले आहेत. "उद्या परत पॉवर गेली तर?"

आजच होईल असा एक उपाय आहे आणि त्याला आमचा प्रोग्राम नव्याने बनवावा लागत नाही. थ्रेडप्रमाणेच, एक प्रोग्राम आपल्या जागी दुसरा प्रोग्राम चढवतो तेव्हाही मास्क तसाच पुढे जातो. म्हणजे आमच्या प्रोग्रामच्या आधी कोणीतरी तिन्ही सिग्नल अडवून ठेवले आणि मग त्याच प्रोसेसमध्ये आमचा प्रोग्राम चढवला, तर लायब्ररीचा थ्रेड कितीही लवकर जन्मला तरी 4003 घेऊनच जन्मेल. लिनक्समधल्या एन्व्ह या छोट्या आज्ञेच्या नव्या आवृत्त्यांत नेमकी ही सोय आहे. सेवेच्या फाइलमध्ये सुरुवातीच्या ओळीत तिचं नाव आणि अडवायच्या सिग्नलची नावं घातली की झालं. प्रोसेसचा नंबर बदलत नाही, सिस्टमडीलाही फरक कळत नाही. आमचा वाट पाहणारा थ्रेड तयार व्हायच्या आतच सिग्नल आला तरी तो हरवत नाही, प्रोसेसच्या नावावर थकीत राहतो आणि वाट पाहणारा बसला की त्याला मिळतो.

सरांना यातलं सगळं नको आहे. ते एवढंच विचारतात, "एका ओळीचा बदल आहे ना? रोलबॅक?"

"ती ओळ काढली की पूर्वीसारखं."

"मग जेवण झालं की दोन नंबरवर करा. पाचला नंतर."

दुपारी 1:50

दोन नंबरवर ओळ घातली, सेवा पुन्हा सुरू केली. मास्क पाहिले : सगळीकडे 4003 आणि फक्त एक शून्य. क्रेटमध्ये काही नग जाऊ दिले आणि सरांच्या समोर थांबवायचा आदेश दिला.

थांबेना.

सेकंद जातात. ऑपरेटर माझ्याकडे बघतोय. दीड मिनिटाने सिस्टमडीने धीर सोडला आणि सिगकिल पाठवला. नव्वद सेकंद हा त्याचा नेहमीचा ठरलेला वेळ. अर्धवट क्रेट पुन्हा गेला.

याचं कारण शोधायला फार वेळ लागला नाही, कारण लॉगमधली शेवटची ओळ बोलकी होती : "लेबल प्रिंटर थांबण्याची वाट पाहत आहे." दोन आणि पाचवर कॅमेऱ्याने नग पास केला की क्यूआर स्टिकर छापला जातो आणि प्रिंटरशी बोलायला आमचा प्रोग्राम एक वेगळा छोटा प्रोग्राम मुलासारखा चालवतो. थांबताना त्याला सिगटर्म द्यायचा, तो संपेपर्यंत थांबायचं, शेवटचा छापलेला नंबर घ्यायचा आणि मग क्रेटची नोंद लिहायची असा क्रम आहे. आणि मास्क मुलाकडेही जातो. आमच्या थ्रेडने सिगटर्म अडवलेला, म्हणून प्रिंटरच्या प्रोग्रामनेही तो जन्मतः अडवलेला. बाप सिगटर्म पाठवतो, मुलगा ऐकत नाही, बाप वाट पाहत बसतो.

हा दोष आजचा नाही, पहिल्यापासून तिथेच होता. पूर्वी बापच एका झटक्यात मरायचा, पाइप तुटायचा आणि प्रिंटरचा प्रोग्राम इनपुट संपलं म्हणून आपला आपण बाहेर पडायचा. थांबण्याच्या त्या क्रमापर्यंत प्रोग्राम कधी पोचलाच नव्हता, म्हणून तो चालतो की नाही हे कोणी पाहिलं नव्हतं.

प्रिंटरचा प्रोग्राम आमचाच आहे, लहान आहे, एकाच थ्रेडचा. लॅपटॉपवर त्याच्या सुरुवातीला एक ओळ वाढवली : तिन्ही सिग्नल मोकळे कर. बनवून दोन नंबरवर टाकला. पुन्हा थांबवला. क्षणात थांबला. स्थिती : स्वतःहून बाहेर, यशस्वी. अर्धवट क्रेटमधल्या नगांचा आकडा ऑपरेटरने बोटाने मोजला, स्क्रीनशी जुळला.

"बघा," तो सरांना म्हणाला, "मी सांगत होतो."

दुपारी 3:20

पाळी बदलायच्या आधी पाच नंबरवरही तेच केलं. पाळी बदलताना लाइन काही मिनिटं थांबते, तेवढ्यात सरांनी मेन स्विच खाली ओढला, यूपीएसची बॅटरी उतरू दिली आणि खऱ्याखुऱ्या वीज जाण्याची चाचणी घेतली. पाचही स्टेशनं. हे त्यांनी स्वतःहून सुचवलं आणि मला त्यांचा आदर वाटला, कारण पाळी बदलताना उत्पादनाचा एक मिनिटसुद्धा देणं त्यांना अवघड असतं. पाचही नोंदी आल्या.

संध्याकाळी 5:15

भोसरीचं ऑफिस. आता हेच काम नीट करायचं. एन्व्हची ओळ तात्पुरती आहे. उद्या कोणी सेवेची फाइल नव्याने लिहिली की ती गळून पडेल. कॅमेऱ्याची लायब्ररी सुरुवातीलाच जोडण्याऐवजी, सिग्नल अडवून झाल्यावर मागाहून चढवायची. प्रिंटरचा प्रोग्राम सुरू करताना पोझिक्स स्पॉनमध्ये मुलाचा मास्क कोरा द्यायचा. आणि क्रेटची नोंद प्रिंटरची वाट पाहण्याच्या आधी लिहायची, प्रिंटरचा शेवटचा नंबर नंतर जोडायचा. प्रिंटर अडकला म्हणून उत्पादनाचा आकडा जाऊ नये.

माझ्या हाताखाली यंदाच रुजू झालेला एक मुलगा आहे, निगडीच्या कॉलेजातून आलेला. तो विचारतो, "मॅडम, एवढं सगळं कशाला? सिगटर्मचा हँडलर लिहू आणि त्यातच फाइल सेव्ह करू. कोणत्याही थ्रेडला येऊ दे."

दिसायला सोपं वाटतं आणि इथेच सर्वात जास्त प्रोग्राम अडकतात, म्हणून लॅपटॉप बाजूला ठेवून फळ्यावर काढून दाखवते. हँडलर चालतो तो त्या थ्रेडला जिथे असेल तिथे थांबवून, त्याच्याच अंगावर. समज, तो थ्रेड त्या क्षणी मॅलॉकमध्ये मेमरी मागत होता आणि मॅलॉकचं अंतर्गत कुलूप त्याच्या हातात होतं. हँडलरने प्रिंटएफ किंवा फाइल लिहायचं फंक्शन बोलावलं, त्याने पुन्हा मॅलॉक मागितला, तर तो ज्या कुलपाची वाट पाहतो ते ज्याच्याकडे आहे तो थ्रेड स्वतःच आहे. ते कुलूप कधीच सुटत नाही. म्हणून मानकात हँडलरमधून बोलवायला सुरक्षित अशा मोजक्याच फंक्शनांची यादी आहे. राइट त्यात आहे, प्रिंटएफ नाही, मॅलॉक नाही. म्युटेक्सचं कुलूप लावणं नाही, कंडिशन व्हेरिएबलला जागं करणंही नाही. सेमफोर वाढवणं तेवढं चालतं. सिगवेट करणारा थ्रेड मात्र साधा थ्रेड असतो. तो कोणाला मध्येच तोडत नाही, त्यामुळे त्यातून काहीही बोलावता येतं, कुलपंही लावता येतात. शिवाय हँडलरमुळे सिरियल पोर्टवरचं वाचन मध्येच तुटून "व्यत्यय आला" अशी चूक परत येते, ती तपासत बसायची कटकटही वाचते.

"पण मग हे असं चमत्कारिक का बनवलं?" तो.

मी त्याला टर्मिनलवर सिग्नलची यादी काढायला सांगते. किल -एल. तो वाचतो आणि थांबतो. "31 नंतर एकदम 34?"

होय. 32 आणि 33 थ्रेडच्या लायब्ररीने स्वतःकडे ठेवले आहेत. एक, दुसऱ्या थ्रेडला रद्द करण्यासाठी. दुसरा, प्रोसेसने आपला वापरकर्ता बदलला की ते सगळ्या थ्रेडना लागू करण्यासाठी, कारण कर्नलच्या लेखी ती ओळख एकेका थ्रेडची असते. म्हणजे सिग्नल ही नुसती बाहेरच्यांची सोय नाही, थ्रेडची लायब्ररी आतून त्यावरच उभी आहे.

आणि हे आधी याहून वाईट होतं. लिनक्सवर झेवियर लरवा यांची लिनक्सथ्रेड्स ही थ्रेडची लायब्ररी 1996 मध्ये आली. त्यात प्रत्येक थ्रेड कर्नलच्या दृष्टीने जवळजवळ वेगळी प्रोसेस होता, वेगळ्या नंबरची. संपूर्ण प्रोसेसला म्हणून सिग्नल पाठवायची सोयच नव्हती. ज्या नंबरला पाठवला त्याच थ्रेडला तो मिळायचा. सिगयूएसआर1 आणि सिगयूएसआर2 हे दोन सिग्नल, जे खरं तर प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी मोकळे सोडलेले, तेही सुरुवातीला लायब्ररीने स्वतःच्या कामाला लावले होते. मग रेड हॅटमध्ये उलरिख ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी एनपीटीएल ही नवी लायब्ररी लिहिली, कर्नलमध्ये थ्रेडचा गट ही कल्पना पक्की झाली आणि 2003 मध्ये ती लोकांच्या हाती आली. तेव्हापासून सिगटर्म खऱ्या अर्थाने प्रोसेसला जातो आणि कोणत्या थ्रेडने घ्यायचा हे आपण मास्कने ठरवू शकतो. आज आपल्याला जे चमत्कारिक वाटतं, ते आधीच्या गोंधळानंतर मिळालेली शिस्त आहे.

एनपीटीएल ज्या ग्लिबसी या सी लायब्ररीचा भाग आहे, तिच्या देखभालीत आपल्याकडच्या माणसांचाही हात आहे. रेड हॅटच्या पुणे कार्यालयात काम केलेले सिद्धेश पोयरेकर यांनी 2017 मध्ये ग्लिबसीची 2.25 ही आवृत्ती प्रकाशित करण्याची जबाबदारी सांभाळली. हे त्या मुलाला मी मुद्दाम सांगते. ही लायब्ररी कुठेतरी दूर आपोआप तयार होते असं त्याला वाटू नये, तिच्यातली चूक सापडली तर ती दुरुस्त करून पाठवायची वाट त्याच्यासाठीही उघडी आहे.

त्याने मग स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला : मुख्य फंक्शनच्या आधी थ्रेड सुरू करणारी खोटी लायब्ररी. ती जोडून टेस्ट बेंचवर सिगटर्म पाठवला आणि प्रोग्राम मेला. आमच्या बेंचवर हा दोष आता दिसतो. कॅमेरा नसला तरी.

संध्याकाळी 7:30

हँडओव्हरच्या तक्त्यात दोन ओळी वाढवल्या. पहिली : चालू प्रोग्रामच्या प्रत्येक थ्रेडचा मास्क काढून जोडावा, त्यात शून्य एकच असावं आणि ते कोणाचं हे लिहावं. दुसरी : क्रेट अर्धा भरलेला असताना सेवा थांबवावी, स्थिती "किल्ड" दिसली तर काम नापास.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हापासून या पट्ट्याने यंत्रं चालवायला आणि थांबवायला शिकवलं आहे. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण तपासल्याशिवाय इथे कोणी नवी मशीन ताब्यात घेत नाही. त्याच मशीनला जोडलेला लिनक्सचा डबा मात्र फक्त सुरू होतो का एवढंच पाहून आपण सही करतो. भोसरीत, तळवड्यात, चाकणला असे डबे बसवणाऱ्या आणि ते विकत घेणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे : सही करण्याआधी लाइन चालू असताना तो थांबवून दाखवायला सांगा, त्याच जोडणीसह जी उद्या प्रत्यक्ष चालणार आहे. आणि मग नग मोजा.